फ्लीट स्ट्रीटचा न्याय

ब्रिटनमध्ये वृत्तवाहिन्यांना एक मापदंड लागतो आणि वृत्तपत्रांना दुसरा, आणि मजूर पक्षाच्या नेत्यांची वृत्तपत्रांविषयीची शंभर वर्षांची तक्रार समजून घ्यायची तर सुरुवात या फरकापासूनच करावी लागते. दूरचित्रवाणी आणि नभोवाणी यांच्यावर ऑफकॉम या नियामक संस्थेची देखरेख असते आणि राजकीय बातम्यांत त्यांनी यथोचित निःपक्षपातीपणा पाळला पाहिजे, म्हणजे वादाच्या प्रश्नावर महत्त्वाच्या सर्व बाजूंना विषयाच्या मानाने वाजवी स्थान दिले पाहिजे, असे त्यांच्यावर बंधन आहे. वृत्तपत्रांवर असे बंधन नाही. एखाद्या दैनिकाने निवडणुकीत हुजूर पक्षाची उघडपणे तळी उचलली, तर त्यात बेकायदा काही नाहीच, पण तेथील वाचकालाही त्यात वावगे वाटत नाही. मात्र संपादकांनी स्वतःहून स्वीकारलेल्या आचारसंहितेतील पहिले कलम अचूकतेचे असून, मत, तर्क आणि वस्तुस्थिती यांची सरमिसळ होता कामा नये, असे ते सांगते. आणि दुसरे कलम खासगीपणाचे असून, सार्वजनिक हिताचे सबळ कारण असल्याखेरीज व्यक्तीचे घर, कुटुंब, प्रकृती आणि पत्रव्यवहार यांत शिरू नये, असे ते बजावते. डाव्या राजकारण्यांची तक्रार जेथे या दोन कलमांच्या भंगाविषयी असते तेथे तिच्यात तथ्य सापडते. जेथे ती केवळ पक्षपाताविषयी असते तेथे ती बहुधा निष्फळ ठरते. दोन्ही बाजूंचे वकील मात्र या दोन गोष्टींची गल्लत करण्यात सारखेच तरबेज आहेत.

या इतिहासातील पहिले मोठे प्रकरण 1924 सालचे. रॅम्से मॅक्डोनाल्ड यांचे, म्हणजे मजूर पक्षाचे पहिलेच, सरकार पडले होते आणि 29 ऑक्टोबरला मतदान व्हायचे होते. मतदानाला चार दिवस उरले असताना ‘डेली मेल’ने एक पत्र छापले. कम्युनिस्ट आंतरराष्ट्रीय संघटनेचे प्रमुख ग्रिगोरी झिनोव्हिएव्ह यांनी ते ब्रिटिश कम्युनिस्टांना लिहिले असल्याचा दावा होता आणि मजूर पक्षाचे सरकार हे क्रांतीच्या वाटेवरचे सोयीचे ठाणे आहे, असा त्याचा एकूण रोख होता. पुढे 1999 मध्ये परराष्ट्र खात्याच्या इतिहासतज्ज्ञ जिल बेनेट यांनी कागदपत्रे तपासून हे पत्र जवळजवळ निश्चितपणे बनावट होते, असा निष्कर्ष काढला. ते बाहेर फुटण्यामागे हुजूर पक्षाकडे कल असलेल्या गुप्तहेर अधिकाऱ्यांचा हात असावा, असेही त्यांनी म्हटले. तरीही या पत्राने मजूर पक्षाला पाडले, हे पक्षाच्या लोककथेतील वाक्य आकड्यांपुढे टिकत नाही. पक्षाच्या जागा 191 वरून 151 वर आल्या हे खरे, परंतु त्याची मते दहा लाखांहून अधिक वाढली. धुळीला मिळाला तो लिबरल पक्ष. लाल बागुलबुवा ऐन भरात असलेल्या त्याच निवडणुकीत मुंबईत जन्मलेले, टाटा घराण्याचे भाचे शापुरजी सकलातवाला हे लंडनच्या नॉर्थ बॅटरसी मतदारसंघातून कम्युनिस्ट म्हणून निवडूनही आले.

वृत्तपत्रसृष्टीचा तोल उजवीकडे का झुकला, याचे उत्तर संपादकांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा ताळेबंदात शोधलेले बरे. कामगार संघटनांची भागीदारी असलेला ‘डेली हेरल्ड’ 1933 मध्ये वीस लाखांच्या खपावर पोहोचला होता आणि 1964 मध्ये तो बंद झाला तेव्हाही त्याचा खप बारा लाखांच्या आसपास, म्हणजे त्या वेळच्या ‘टाइम्स’च्या कितीतरी पट होता. त्याला मारले ते जाहिरातींनी. त्याचा वाचक वयस्क आणि कामगारवर्गीय होता. अशा वाचकापुढे मोटारी आणि प्रवासाच्या सहली मांडण्यात जाहिरातदाराला रस नव्हता, आणि अंकाची किंमत छपाईचा खर्च भागवण्यापुरतीही पडत नसल्याने खप असूनही पत्र तोट्यात राहिले. त्याच्या जागी ‘द सन’ नावाचे दैनिक काढण्यात आले आणि 1969 मध्ये रुपर्ट मर्डॉक यांनी ते विकत घेतले. मजूर चळवळीच्या मुखपत्राचा वारसा अशा रीतीने त्या चळवळीच्या सर्वांत कडव्या टीकाकाराकडे गेला. आज राष्ट्रीय वृत्तपत्रांच्या खपापैकी सुमारे 90 टक्के वाटा तीन कंपन्यांच्या हाती आहे. त्यांच्या पत्रांपैकी मजूर पक्षाची सातत्याने पाठराखण करणारे एकमेव मोठे खपाचे पत्र म्हणजे ‘डेली मिरर’. फ्लीट स्ट्रीट या लंडनच्या रस्त्यावरून दैनिकांची कार्यालये कधीच हलली, पण या साऱ्या वृत्तपत्रसृष्टीला आजही त्याच नावाने ओळखतात.

या वृत्तपत्रसृष्टीची कार्यपद्धती कळण्यासाठी मायकेल फूट यांच्या कोटाचे प्रकरण जरा जवळून पाहण्यासारखे आहे. नोव्हेंबर 1981 मध्ये, युद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनी, लंडनच्या सेनोटाफ स्मारकावर पुष्पचक्र वाहण्यासाठी मजूर पक्षाचे आणि म्हणून विरोधी पक्षाचे नेते या नात्याने फूट उपस्थित होते. भोवतालचे पुढारी काळ्या लांब ओव्हरकोटात, आणि फूट गडद हिरवट रंगाच्या आखूड कोटात. दुसऱ्या दिवशीपासून वृत्तपत्रांनी त्या कोटाला ‘डाँकी जॅकेट’ म्हणायला सुरुवात केली. डाँकी जॅकेट म्हणजे रस्ते खोदणारे मजूर थंडीत घालतात तो जाडाभरडा, खांद्यावर पट्टी लावलेला कोट. फूट यांचा कोट तसला नव्हता. तो त्यांच्या पत्नी, चित्रपट दिग्दर्शिका जिल क्रेगी, यांनी हॅरॉड्स या लंडनच्या महागड्या दुकानातून आणला होता आणि समारंभात राजमातेने त्याची तारीफ केली, असे फूट पुढे सांगत असत. टीका करणाऱ्यांत मजूर पक्षाचाही एक खासदार होता, हे येथे नोंदवायला हवे, कारण शत्रूचे काम सोपे करणारी माणसे घरातच असतात.

गंमत अशी की, देशाच्या हुतात्म्यांचा अवमान केल्याचा ठपका ज्या माणसावर आला तो 1940 मध्ये हिटलरपुढे नमते घेणाऱ्या ब्रिटिश मंत्र्यांची टोपणनावाने झाडाझडती घेणाऱ्या ‘गिल्टी मेन’ या पुस्तकाच्या तीन लेखकांपैकी एक होता. दम्यामुळे सैन्यात जाता न आलेल्या फूट यांनी लेखणीने ते युद्ध लढवले होते. उलट ‘डेली मेल’चे मालक लॉर्ड रॉदरमिअर यांनी 1934 मध्ये आपल्या पत्रातून मोझली यांच्या काळ्या सदऱ्यांच्या फॅसिस्ट संघटनेचे गुणगान केले होते. पण कोट दिसतो आणि पुस्तक वाचावे लागते. 1983 च्या निवडणुकीत फूट यांच्या पक्षाला 27.6 टक्के मते पडली; त्याची खरी कारणे पक्षातील दुफळी, फॉकलंडचे युद्ध आणि पक्षाचा जाहीरनामा यांत आहेत, पण लोकांच्या स्मरणात राहिला तो कोट, जो आज मँचेस्टरच्या पीपल्स हिस्टरी म्युझियममध्ये ठेवलेला आहे.

नेत्याच्या धोरणाचा प्रतिवाद करण्याऐवजी नेता हाच एक विकार आहे असे दाखवण्याची ही रीत मजूर पक्षाचे डावे नेते टोनी बेन यांच्या बाबतीत अक्षरशः वापरली गेली. 1 मार्च 1984 रोजी, चेस्टरफील्डच्या पोटनिवडणुकीच्या मतदानादिवशीच, ‘द सन’ने एका अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाच्या हवाल्याने बेन यांच्या मनाची चिकित्सा छापली, आणि ज्याच्या नावावर ती खपवली गेली त्या तज्ज्ञाने नंतर आपली मते विपर्यस्त केल्याचे सांगितले. बेन निवडून आले ते आलेच. दोनच वर्षांनी, 1986 मध्ये, लंडनमधील मजूर पक्षाच्या नगरपालिकांनी काळ्या मेंढीचे बालगीत वंशद्वेषी म्हणून बंद केल्याच्या बातम्या झळकल्या. शोध घेतला असता पालिकेचा असा कोणताही आदेश नव्हता. हॅकनी भागातील पालकांनी चालवलेल्या एका छोट्या बालवाडीपासून ही वदंता निघाली होती आणि पुढे ती एका पालिकेवरून दुसरीवर, तपशील बदलत, उड्या मारत राहिली. वेडसर डावे हे विशेषण त्या काळात असे रुजले की खुलाशांना वाचकच उरला नाही.

मग 9 एप्रिल 1992 उजाडला. मतदानाच्या त्या सकाळी ‘द सन’च्या पहिल्या पानावर मजूर पक्षाचे नेते नील किनॉक यांचे डोके विजेच्या दिव्यात बसवलेले होते आणि किनॉक जिंकल्यास देश सोडणाऱ्या शेवटच्या माणसाने दिवा मालवावा, अशी सूचना मथळ्यात होती. किनॉक हरले, दोन दिवसांनी त्याच पत्राने निवडणूक आपणच जिंकून दिल्याची फुशारकी मारली. वीस वर्षांनंतर वृत्तपत्रांविषयीच्या लेव्हसन चौकशीपुढे साक्ष देताना मर्डॉक यांनी तो फुशारकीचा मथळा अभिरुचिहीन आणि चुकीचा असल्याचे कबूल केले. फुशारकी खरी होती का, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही: 1992 च्या मतदारांची पाहणी करणाऱ्यांना वृत्तपत्रांचा एकूण निकालावर फारसा परिणाम आढळला नाही, तर 1997 मध्ये ‘द सन’ने बाजू बदलल्यावर त्याच्या वाचकांचे काय झाले हे तपासणाऱ्या दोन अमेरिकी राज्यशास्त्रज्ञांना तो बराच मोठा आढळला.

परंतु मतांवरचा परिणाम मोजत बसण्यात मुख्य गोष्ट निसटते. किनॉक यांचे काय झाले हे पाहणाऱ्या पुढच्या पिढीच्या नेत्यांनी त्यातून धडा घेतला, आणि वृत्तपत्रांची खरी सत्ता या धड्यात आहे, मथळ्यात नाही. जुलै 1995 मध्ये टोनी ब्लेअर हे मर्डॉक यांच्या कंपनीच्या मेळाव्यात भाषण करण्यासाठी थेट ऑस्ट्रेलियातील हेमन बेटावर गेले आणि मार्च 1997 मध्ये ‘द सन’ने त्यांना पाठिंबा जाहीर केला. मतदाराने मत देण्याआधीच पक्ष आपली धोरणे, आपली भाषा आणि आपली माणसे संपादकाच्या नजरेतून पारखू लागला, तर त्या पक्षाविरुद्ध बातमी छापण्याची गरजच उरत नाही. पंतप्रधानपद सोडताना, जून 2007 मध्ये, ब्लेअर यांनी माध्यमांना माणसांचे लचके तोडणाऱ्या हिंस्र पशूची उपमा दिली, तेव्हा त्या पशूला दहा वर्षे चारा कोणी घातला, असा प्रश्न विचारणारे त्यांच्याच पक्षात पुष्कळ होते.

खासगीपणावरील आक्रमणाची तऱ्हा वेगळी, कारण तेथे मताचा प्रश्नच नसतो. ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या साप्ताहिकासाठी होणारे दूरध्वनी-हॅकिंग तांत्रिकदृष्ट्या क्षुल्लक होते. त्या काळी मोबाइलवर निरोप साठवण्याची जी सोय असे तिचा सांकेतिक क्रमांक कंपनीनेच ठरवून दिलेला असे आणि बहुतेक ग्राहक तो कधी बदलत नसत. एकाने फोन लावून लाइन गुंतवून ठेवायची, दुसऱ्याने त्याच वेळी फोन करायचा, म्हणजे कॉल निरोपपेटीकडे वळतो, तेथे तो क्रमांक दाबायचा आणि निरोप ऐकायचे. या मार्गाने उपपंतप्रधान राहिलेले जॉन प्रेस्कॉट यांचे निरोप ऐकले गेले. 2012 मध्ये त्यांना 40,000 पौंडांची भरपाई मिळाली आणि बळी ठरलेल्यांना वेळीच सावध न केल्याची चूक लंडन पोलिसांनी मान्य केली. या प्रकरणाचा पाठपुरावा करणारे मजूर खासदार टॉम वॉटसन यांच्यावर त्याच पत्राने खासगी गुप्तहेराची पाळत ठेवली होती. मात्र हे हत्यार केवळ डाव्यांवर चालले असे म्हणता येणार नाही: राजपुत्र, नट, खेळाडू आणि हुजूर पक्षाचे पुढारी यांच्यासह खून झालेल्या एका शाळकरी मुलीचे निरोपही ऐकले गेले, आणि ते उघडकीस आल्यावरच, जुलै 2011 मध्ये, 168 वर्षांचे ते पत्र बंद पडले.

आक्रमण झाले म्हणून आक्रमण झालेला खरा ठरतो, असेही नाही. स्कॉटिश सोशालिस्ट पक्षाचे माजी नेते टॉमी शेरिडन यांनी खासगी आयुष्याविषयीच्या बातम्यांवरून ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’वर भरलेला बदनामीचा दावा 2006 मध्ये जिंकला आणि त्यांना दोन लाख पौंड मंजूर झाले, पण त्याच खटल्यात शपथेवर खोटे बोलल्याबद्दल 2010 च्या डिसेंबरात ते दोषी ठरले आणि त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. हॅकिंग करणाऱ्या गुप्तहेराच्या वह्यांत त्यांचेही नाव होते. बातमी खरी असू शकते आणि ती मिळवण्याची वाट तरीही घाणेरडी असू शकते, हे या प्रकरणाइतके स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही.

आचारसंहितेच्या त्या दोन्ही कलमांचा भंग एकाच आठवड्यात झाला तो 2013 मध्ये. हॅकिंगच्या प्रकरणात मर्डॉक यांच्याशी उघड वैर पत्करणारे मजूर पक्षाचे नेते एड मिलिबँड यांच्या दिवंगत वडिलांवर 28 सप्टेंबर रोजी ‘डेली मेल’ने लेख छापला आणि त्या गृहस्थांना ब्रिटनचा द्वेष होता, असे मथळ्यातच ठरवून टाकले. पुरावा काय, तर त्यांनी सतराव्या वर्षी लिहिलेल्या रोजनिशीतील एक नोंद. राल्फ मिलिबँड हे 1940 मध्ये नाझींच्या तावडीतून सुटून बेल्जियमहून आलेले ज्यू निर्वासित, युद्धकाळात ब्रिटिश नौदलात सेवा केलेले, आणि पुढे नावाजलेले मार्क्सवादी प्राध्यापक. त्यांच्या मार्क्सवादावर कोणी कितीही कडक टीका केली असती तरी ती न्याय्य ठरली असती, कारण त्यांची पुस्तके सार्वजनिक होती. पत्राने मात्र टीकेचा विषय त्यांची निष्ठा हा केला, आणि संकेतस्थळावर त्यांच्या थडग्याचे छायाचित्र शाब्दिक कोटीसह टाकले, जे नंतर काढून घ्यावे लागले.

मिलिबँड यांना उत्तर देण्यासाठी जागा मिळाली, पण त्या उत्तराच्या सोबतीला मूळ लेख पुन्हा छापून वर एक अग्रलेखही जोडण्यात आला. म्हणजे प्रतिवादाचा हक्क दिला आणि तो देता देताच काढून घेतला. हुजूर पक्षाचे पंतप्रधान कॅमेरन यांनीही, आपल्या वडिलांबद्दल असे लिहिले गेले असते तर आपणही उत्तर दिले असते, असे सांगितले. त्याच आठवड्यात ‘मेल ऑन सन्डे’ची बातमीदार मिलिबँड यांच्या काकांच्या स्मरणार्थ एका रुग्णालयात भरलेल्या खासगी सभेत शिरली आणि नातेवाइकांकडून प्रतिक्रिया मिळवू लागली, संपादकांना बिनशर्त माफी मागावी लागली. पुढे मे 2014 मध्ये सँडविच खाताना टिपलेले मिलिबँड यांचे विद्रूप छायाचित्र ‘द सन’ने 2015 च्या मतदानाच्या आदल्या दिवशी पहिल्या पानावर पुन्हा काढले. ते हास्यास्पद होते, आक्रमण नव्हते. जाहीर ठिकाणी छायाचित्रकारांसमोर खाल्लेल्या घासाबद्दल खासगीपणाची तक्रार करता येत नाही.

मजूर पक्षाचे पुढचे नेते जेरेमी कॉर्बिन यांच्या काळात प्रश्न अधिक गुंतागुंतीचा झाला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांनी 2015 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमधील आठ राष्ट्रीय वृत्तपत्रांचा मजकूर तपासून 2016 मध्ये जो अहवाल दिला त्यात, चारपैकी सुमारे तीन लेखांत कॉर्बिन यांचे म्हणणे एकतर आलेलेच नव्हते किंवा विपर्यस्त रूपात आले होते, असे आढळले. निःपक्षपाती राहण्याचे बंधन असलेल्या बीबीसीच्या हातूनही चूक झाली: नोव्हेंबर 2015 मधील एका वृत्तात कॉर्बिन यांनी एका प्रश्नाला दिलेले उत्तर भलत्याच प्रश्नाचे म्हणून दाखवले गेले, आणि बीबीसी ट्रस्टने जानेवारी 2017 मध्ये ते वृत्त अचूकता आणि निःपक्षपातीपणा या दोन्ही कसोट्यांवर सदोष ठरवले. फेब्रुवारी 2018 मध्ये 1980 च्या दशकात कॉर्बिन चेकोस्लोव्हाक हेराला भेटल्याच्या बातम्या आल्या. प्राग येथील अभिलेखागाराने त्यांची नोंद खबऱ्या म्हणून नसल्याचे स्पष्ट केले आणि त्यांनी देशाची गुपिते विकल्याचे समाजमाध्यमावर लिहिणाऱ्या हुजूर खासदाराला जाहीर माफी मागून भरपाई द्यावी लागली. मात्र त्याच कॉर्बिन यांच्या पक्षातील ज्यूद्वेषाच्या तक्रारींच्या बातम्या निव्वळ कुभांड होत्या, असे म्हणणाऱ्यांना समानता आयोगाच्या ऑक्टोबर 2020 च्या अहवालाने उत्तर दिले. पक्षाकडून कायद्याचा भंग झाल्याचे त्यात नमूद आहे. वृत्तपत्रे द्वेषाने लिहीत होती आणि तरीही ती लिहीत होती त्यातील काही खरे होते. समर्थकांना ही दोन वाक्ये एका दमात म्हणणे जड जाते.

दाद मागायची तर न्यायालय आहे, पण ते खर्चीक. डावे खासदार जॉर्ज गॅलोवे यांनी ‘डेली टेलिग्राफ’विरुद्ध 2004 मध्ये दीड लाख पौंड मिळवले, कारण बगदादमध्ये सापडलेल्या कागदांवरून केलेले आरोप पत्राने केवळ कळवले नाहीत, तर ते खरे असल्याच्या थाटात मांडले, आणि त्यांना उत्तराची पुरेशी संधीही दिली नाही. हॅकिंगनंतर न्यायमूर्ती लेव्हसन यांच्या चौकशीने नोव्हेंबर 2012 मध्ये, वृत्तपत्रांपासून आणि सरकारपासूनही स्वतंत्र असलेली नियामक संस्था हवी, अशी शिफारस केली. बहुतेक मोठ्या वृत्तपत्रांनी त्याऐवजी 2014 मध्ये इप्सो ही स्वतःचीच संस्था उभारली. मान्यताप्राप्त नियामकाकडे न जाणाऱ्या पत्राने खटला जिंकला तरी दोन्ही बाजूंचा खर्च सोसावा, अशी तरतूद 2013 च्या कायद्याच्या चाळिसाव्या कलमात होती, पण ती कधी लागूच झाली नाही. पोलीस आणि वृत्तपत्रे यांच्या साटेलोट्याची तपास करणारा लेव्हसन चौकशीचा दुसरा टप्पा मार्च 2018 मध्ये रद्द झाला, आणि चाळिसावे कलम मे 2024 मधील माध्यम कायद्याने रद्द केले.

केअर स्टार्मर यांनी 2020 मध्ये मजूर पक्षाच्या नेतेपदाची निवडणूक लढवताना, ती मोहीम चालू असेपर्यंत ‘द सन’ला मुलाखत देणार नाही, असे लिव्हरपूलमध्ये जाहीर केले होते, कारण 1989 च्या हिल्सबरो फुटबॉल मैदानावरील दुर्घटनेत मेलेल्या चाहत्यांवर त्या पत्राने घेतलेले खोटे आळ ते शहर अजून विसरलेले नाही. पुढच्याच वर्षी, 2021 मध्ये, त्यांचा लेख ‘द सन’मध्ये आला. 2024 च्या पक्षाच्या जाहीरनाम्यात लेव्हसन चौकशीच्या दुसऱ्या टप्प्याचा उल्लेख नव्हता, आणि 3 जुलै रोजी, मतदानाच्या आदल्या दिवशी, ‘द सन’ने स्टार्मर यांना पाठिंबा दिला.